घरात समता नाही, मग मी सभासद कशी राहू?

पत्राचा सारांश: तालुक्याच्या गावात राहणाऱ्या, चाळिशी ओलांडलेल्या एका बाईंचं पत्र आहे. दोन वर्षांपूर्वी मैत्रिणीच्या आग्रहाने त्या स्त्री-पुरुष समतेसाठी काम करणाऱ्या गावातल्या संस्थेच्या सभासद झाल्या. महिन्याची बैठक, शाळांमधली सत्रं, आठ मार्चची फेरी आणि शनिवारी चालणारं सल्ला केंद्र, असं तिथलं काम. येत्या वार्षिक सभेत त्यांना सहसचिव करायचं घाटतं आहे, पण त्यांचं मन तयार होत नाही. घरी अजूनही सगळं त्याच बघतात. नवरा वाईट नाही, पण जेवलेलं ताट उचलत नाही. बैठकीहून परतल्या की सासूबाई ‘आल्या समतावाल्या’ म्हणतात आणि दहावीतला मुलगा हसतो. संस्थेतही निर्णय तीन-चार ज्येष्ठ ताई घेतात, यांच्या वाट्याला सतरंज्या, हजेरी आणि फोटो. पत्राच्या शेवटी त्या लिहितात, की नवऱ्याच्या मारहाणीने गांजलेल्या एका शेजारणीला त्यांनी सल्ला केंद्रात नेलं होतं. तिची हकिकत एका ताईंनी मासिक बैठकीत सगळ्यांसमोर सांगितली, ‘नाव न घेता’. आठवड्याभरात गल्लीत चर्चा. शेजारीण आता यांच्याकडे बघतही नाही. त्या विचारतात, ‘पद घेऊ की राजीनामा देऊ? घरात हे असं असताना मी समतेच्या संस्थेत राहणं म्हणजे ढोंग नाही का?’

प्रिय मैत्रीण,

तुमच्या पत्राची दोन पानं घरावर आहेत, अर्धं पान संस्थेवर आणि शेवटच्या तीन-चार ओळी शेजारणीवर. मी उलटीकडून सुरुवात करते. घर गेली वीस वर्षं असंच चाललंय, ते आणखी महिनाभर थांबेल. शेजारणीचं थांबणार नाही. आणि मला दाट शंका आहे, की पद घ्यायला तुमचं मन होत नाही ते ताटामुळे कमी आणि या प्रसंगामुळे जास्त.

त्या ताईंनी नाव घेतलं नाही हे खरं असेल. पण तालुक्याच्या गावात गल्ली सांगितली, नवऱ्याचा धंदा सांगितला, ‘दोन मुली आहेत हो’ असं म्हटलं, की नाव सांगायचं राहतं काय? कायद्यालाही हे कळतं. मथुरा प्रकरणानंतर, म्हणजे मथुरा नावाच्या आदिवासी मुलीवर पोलीस ठाण्यात झालेल्या बलात्काराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना सोडल्यावर, १९७९ मध्ये चार कायदेतज्ज्ञांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, १९८० मध्ये ठिकठिकाणी बायका रस्त्यावर आल्या आणि त्या रेट्यातून १९८३ मध्ये बलात्काराचा कायदा बदलला. त्याच दुरुस्तीने पीडितेची ओळख उघड करणं हा गुन्हा ठरवला आणि त्यात नुसतं ‘नाव’ म्हणून भागवलं नाही. ओळख पटेल असा कुठलाही मजकूर त्यात धरला. नव्या भारतीय न्याय संहितेतही ही तरतूद आहे. तुमच्या शेजारणीचं प्रकरण त्या कलमात येत नाही, हे मान्य. पण कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्यातही दोघांपैकी एका पक्षाने मागितलं तरी सुनावणी बंद दाराआड घेता येते. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाचा २०१३ चा कायदा तर तक्रारीतला तपशील बाहेर फोडायलाच बंदी करतो. म्हणजे बायकांच्या चळवळीने जी गोष्ट भांडून कायद्यात आणली, ती चळवळीचं नाव सांगणाऱ्या बैठकीत पाळली गेली नाही. याला गप्पांच्या ओघात झालेली चूक म्हणून सोडून देता येणार नाही.

आता शेजारणीकडे जा. एकट्या जा, तिचा नवरा घरी नसेल अशा वेळी. आधी मेसेज टाकू नका. तिचा फोन कोण बघतं हे तुम्हाला माहीत नाही. संस्थेची बाजू मांडायची नाही, ‘ताईंचा हेतू तसा नव्हता’ हे तर मुळीच म्हणायचं नाही. तुमची गोष्ट बाहेर गेली, ती जायला नको होती, मी तुम्हाला तिथे नेलं म्हणून मला वाईट वाटतं, एवढं बोलून थांबा. ती चिडली तर चिडू द्या. दार लावून घेतलं तर परत या आणि पुन्हा पुन्हा जाऊ नका. माफी मिळवण्याचा हट्ट धरला, की त्या भेटीत तिच्यापेक्षा तुम्हीच मोठ्या होऊन बसाल.

ती बोलली, तर तिला संस्थेशिवायचे रस्ते सांगा, कारण संस्थेवरचा तिचा विश्वास गेलाय आणि तो परत आणणं हे आत्ता तिचं काम नाही. २००५ च्या कायद्याखाली सरकारने नेमलेले संरक्षण अधिकारी असतात. तिला त्यांच्याकडे जाता येतं किंवा थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. वकिलाच्या फीची काळजी असेल तर विधी सेवा प्राधिकरणाच्या १९८७ च्या कायद्यानुसार बाईला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असलं तरी. तालुका न्यायालयातच त्याची समिती असते. तातडीला ११२, महिलांच्या मदतीसाठी १८१. हे सगळं तोंडी सांगा. कागदावर लिहून दिलेलं घरात सापडतं.

तुमच्या मनात येईल, की मग मीच तक्रार करून टाकू का? कायदा तशी मुभा देतो. हिंसा होते आहे असं वाटणारी कोणतीही व्यक्ती संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकते आणि प्रामाणिकपणे कळवलं असेल तर तिच्यावर काही बालंट येत नाही. तरीही तिला न विचारता करू नका. एकदा तिच्या वतीने दुसऱ्याच कुणीतरी बोलून झालंय, त्याचं काय झालं ते तुम्ही बघताच आहात. अपवाद एकच: आत्ता, या क्षणी जिवावर बेततंय असं दिसलं किंवा ऐकू आलं, तर विचारत बसायचं नाही, ११२ लावायचा.

आता संस्था.

चार जणी सगळं ठरवतात ही तुमची तक्रार खरी असणार. बहुतेक स्थानिक संस्थांचं तसंच असतं. पण त्या चार जणींनी ती संस्था अशा काळात चालवली असेल, जेव्हा बैठकीला त्या चारच यायच्या आणि पावतीपुस्तकाचे पैसेसुद्धा पदरचे जायचे. त्यांना वाटतं, बाकीच्यांना जबाबदारी नको असते. बाकीच्यांना वाटतं, या सोडत नाहीत. दोघींचंही थोडं थोडं बरोबर असतं. तुम्ही दोन वर्षांत बैठकीत एखादा विषय मांडलात का, हे पत्रात नाही. मांडला असेल आणि उडवून लावला असेल, तर गोष्ट वेगळी. मांडलाच नसेल, तर सतरंजी टाकणारीने बोलायचं नसतं असं आपणच गृहीत धरलं होतं का, हे जरा तपासा. सतरंज्या, हजेरी, फोटो यांची पाळी लावा, असं सुचवणं ही फार मोठी बंडखोरी नाही, पण समतेच्या संस्थेत ते सुचवल्यावर नाही म्हणणं भल्याभल्यांना जड जातं.

सभासद असणं म्हणजे काय, हेही एकदा बघून घ्या. आपल्याकडे बहुतेकींना वाटतं, की सभासद म्हणजे बोलावल्यावर येणारी. तुमची संस्था १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदलेली असेल, तर सभासद हीच तिची मालक-चालक. वार्षिक सभेत मत तिचं असतं. त्याच कायद्यात एक बारीक गोष्ट आहे: वर्गणी तीन महिन्यांहून जास्त थकली, तर मत देता येत नाही. गावोगावच्या संस्थांत ऐन निवडणुकीच्या सभेत कुणाच्या तरी थकलेल्या वर्गणीची आठवण अचानक निघते. तेव्हा तुमची पावती भरून ठेवा, शोधून ठेवा.

मग संस्थेची घटना मागा. नियमावली म्हणा हवं तर. मागच्या वर्षीचा लेखापरीक्षण झालेला हिशोब मागा, मागच्या सभांची इतिवृत्तं बघू द्या म्हणा. संशय म्हणून मागू नका आणि मागताना माफीही मागू नका. ‘सहसचिव व्हा म्हणताय, तर आधी वाचून बघते’ हे पुरेसं कारण आहे. कारण सहसचिव हे शोभेचं पद नाही. महाराष्ट्रात अशी संस्था साधारणपणे १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही नोंदलेली असते. कार्यकारिणी बदलली, की बदलाचा अर्ज, ज्याला सगळे चेंज रिपोर्ट म्हणतात, तो ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात जावा लागतो. कित्येक संस्थांत तो वर्षानुवर्षं जात नाही. कागदावर जुनी नावं, प्रत्यक्षात नवी माणसं. तुमच्या आधीच्या सचिवांचं नाव तिथे चढलं आहे का, विचारा. बँकेत सह्या कुणाच्या चालतात, विचारा. उत्तरं सरळ मिळाली तर छान. ‘ते सगळं भाऊ बघतात’ असं मिळालं, तर सह्या करायची घाई करू नका. (बायकांच्या संस्थेत हिशोब बघणारा हा भाऊ मला इतक्या ठिकाणी भेटलाय, की एकदा त्याच्यावरच लिहायला हवं.)

आणि आता मुख्य मागणी. सल्ला केंद्राची शिस्त. पद घेण्याआधी ही एकच अट घाला, बाकीचं नंतर बघता येईल. केंद्रात आलेल्या बाईची हकिकत, तिचं काम बघणाऱ्या दोघींपलीकडे जाणार नाही. नोंदवही कुलपात राहील आणि किल्ली कुणाकडे आहे हे ठरलेलं असेल. मासिक बैठकीत फक्त आकडे सांगायचे: या महिन्यात किती बायका आल्या, किती प्रकरणं पुढे गेली. एखाद्या प्रकरणावर इतर कुणाचा सल्ला हवाच असेल, तर आधी त्या बाईला विचारायचं. केंद्रात बसणाऱ्यांनी प्रशिक्षण घ्यायचं; ते नसेल, तर ऐकून घ्यायचं आणि योग्य ठिकाणी पोचवायचं, मध्ये पडायचं नाही. विशेषतः नवऱ्याला बोलावून, समोरासमोर बसवून समेट घडवण्याचा जो उत्साह अशा केंद्रांत असतो, त्याला आवर घालायचा. त्या खोलीत चार जणींसमोर मान डोलावणारा माणूस रात्री घरी काय करतो, ते त्या चार जणींना भोगावं लागत नाही.

यावर तुम्हाला ऐकायला मिळेल, की ‘अगं, आपल्याच तर बायका आहेत सगळ्या.’ हे वाक्य फार गोड आहे आणि त्यानेच सगळं बिघडतं. बैठकीतल्या वीस जणींपैकी एखादी त्या नवऱ्याच्या नात्यातली निघाली, तर? एखादीने घरी जाऊन नुसतं काळजीपोटी सांगितलं, तर? विश्वासाचा प्रश्न वीस जणींच्या चांगुलपणाशी संबंधितच नाही. आपली गोष्ट कुणाला कळावी हे त्या बाईने ठरवायचं असतं, तेवढाच तो प्रश्न आहे. ज्या बाईच्या आयुष्यात दुसरं काहीच तिच्या मनाने होत नाही, तिच्याकडून हेही काढून घेतलं, तर सल्ला केंद्र कसलं?

हे वार्षिक सभेत सर्वांसमोर काढू नका. आधी अध्यक्षांना किंवा सचिवांना गाठा, त्या ताईंनाही तिथे बसू द्या. आरोप करायचा नाही, पण ‘कुणाकडून तरी झालं’ असं गुळमुळीतही बोलायचं नाही. काय झालं, कुणाच्या तोंडून गेलं, त्याचा परिणाम काय झाला, हे सांगा आणि लगेच नियमावर या. माणसावर अडकलात, तर सगळी सभा ताईंची बाजू घेण्यात आणि सोडण्यात संपेल.

आता तुमची ती दोन पानं.

‘ढोंग’ हा शब्द तुम्ही चारदा वापरला आहे. मला विचारायचंय, की घरात समता आल्यावरच समतेच्या संस्थेत जायचं, हा नियम कुणी केला? व्यायामशाळेत नाव घालायला आलेल्याला कुणी आधी दंड दाखव म्हणत नाही. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत घरातली बिनपगारी कामं करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ जात होता, आणि तीच कामं करणाऱ्या पुरुषांचा ९७. यातही मेख अशी, की पुरुषांचा आकडा फक्त काम करणाऱ्या पुरुषांचा आहे, आणि तसे पुरुष चारातला एक. तुमच्या नियमाने चाललं, तर देशातली एकही स्त्री संघटना उभी राहिली नसती. तुमच्या घरात ताट कुणी उचलत नाही, म्हणूनच तर तुम्ही त्या संस्थेत आहात.

ढोंग एकाच ठिकाणी होऊ शकतं: शाळेतल्या सत्रात ‘आमच्याकडे सगळे मिळून कामं करतात’ असं सांगितलंत तर. ते सांगू नका. ‘आमच्याकडे अजून जमलेलं नाही, प्रयत्न चाललाय’ असं म्हणा. आठवीतल्या मुलींना हेच जास्त खरं वाटेल, कारण त्यांच्याही घरी जमलेलं नसतं.

प्रयत्न मात्र खरंच चालू हवा, नाहीतर माझ्या वरच्या परिच्छेदाची तुम्हाला पळवाट व्हायची. घरभर क्रांती करू नका. एक काम निवडा आणि ते पूर्ण सोडा. ‘पूर्ण’ म्हणजे आठवण करून देणंसुद्धा सोडायचं. मुलाकडे त्याचे कपडे द्या: धुवायला टाकणं, वाळत घालणं, घडी, सगळं. सोमवारी गणवेश ओला असेल, तर तो ओला असू द्या. नवऱ्याला ‘मदत कर’ म्हणू नका. मदत म्हटलं की काम तुमचंच राहतं आणि वर आभार मानावे लागतात. एका वेळच्या जेवणानंतरचं आवरणं त्यांचं, असं ठरवा आणि त्या वेळी तुम्ही घराबाहेर असा. संस्थेची बैठक त्याच वेळेला असेल तर दुधात साखरच. दोन-तीन आठवडे भांडी नीट घासली जाणार नाहीत. दुसऱ्यांदा घासायला उठू नका. हे सगळ्यात अवघड आहे, मला माहीत आहे.

सासूबाईंबद्दल तुम्ही जरा कडक लिहिलंय. त्यांच्या बाजूने एकदा बघा. त्यांनी चाळीस-पन्नास वर्षं जे केलं त्याला त्या कर्तव्य म्हणत आल्या. आता घरातली सून दर महिन्याला कुठेतरी जाते, जिथे त्याला अन्याय म्हणतात. ते कबूल करायचं, तर आख्खं आयुष्य मागे जाऊन पुन्हा मोजावं लागेल. त्यापेक्षा टोमणा सोपा. त्यांना बैठकीला नेऊन बघा असं मी म्हणणार नाही, पण त्यांच्या तरुणपणी बाहेरचं काही करायचं राहून गेलं का, हे एखाद्या निवांत दुपारी विचारा. उत्तर नाही मिळालं तरी चालेल.

तर निर्णय. राजीनामा देऊ नका. पद आत्ता घेऊ नका. सभासद राहा, वर्गणी भरा आणि सल्ला केंद्राची शिस्त लेखी होईपर्यंत ‘हो’ अडवून ठेवा. तुमच्याकडे आज वजन टाकायला तीच एक गोष्ट आहे: त्यांना तुम्ही हव्या आहात. नियम झाला आणि पुढचे काही महिने पाळलाही गेला, तर पुढच्या वर्षी आनंदाने पद घ्या. वार्षिक सभेपर्यंत टाळाटाळच झाली, तर केंद्राच्या कामातून अंग काढा. शाळांची सत्रं चालू ठेवा, ती चांगली होतात असं तुम्हीच लिहिलंय. आणि पुन्हा तसंच काही घडलं, तर मात्र सोडा, कारण लिहून सोडा.

ज्या वाचक अशा एखाद्या संस्थेत नाव घालायच्या विचारात आहेत, त्यांनी पहिल्या बैठकीत कोण बोलतं यापेक्षा कोण बोलत नाही ते बघावं. दलित, मुस्लिम, एकट्या राहणाऱ्या, घरकाम करणाऱ्या बायका तिथे सभासद म्हणून बसतात, की फक्त फोटोतल्या लाभार्थी म्हणून येतात, हे तासाभरात कळतं. हिशोब मागितल्यावर कपाळावर आठी येते का, तेही बघावं. वेळ किती देणार ते सुरुवातीलाच सांगून टाकावं. ‘जमेल तसं येईन’ म्हणणारीचे सगळे रविवार जातात.

तुम्ही अध्यक्षांना द्यायच्या पत्राचा मजकूर मागितला होता. लांब नको. ‘सहसचिवपदासाठी माझा विचार झाला याबद्दल आभारी आहे. सल्ला केंद्रातील माहितीच्या गोपनीयतेबाबत लेखी नियम कार्यकारिणीने मंजूर करावेत, अशी विनंती करते. नियमांचा कच्चा मसुदा सोबत जोडला आहे. ते मंजूर झाल्यावर पदाबाबत कळवीन.’ खाली सही, तारीख, सभासद क्रमांक. शेजारणीचा उल्लेख या पत्रात अजिबात नको, आडूनसुद्धा. दोन प्रती काढा आणि एकीवर पोच घ्या.